उर्फ

सकाळी साडेनऊला जावई फोनवर येतो.
तिकडं रात्रीचे बारा.
मे महिना, तरी त्याच्या खुर्चीवर कोट.
माझ्याकडं कूलर, ओल्या वाळ्याचा वास,
आणि बाहेर कुणी भंगार, भंगार ओरडत चाललाय.

एतिएन वंशवृक्ष काढतोय.
चर्चच्या शाई उडालेल्या वह्यांतून
दहा पिढ्या मागं, एका जहाजापर्यंत.
म्हणतो, बाबा, आमच्या आडनावांना शेपूट असतं:
बोल्यू दी लातुलीप.
पलटणीत पाच बोल्यू निघाले,
तर कप्तानानं एकाला ट्यूलिप करून टाकला,
एकाला साँसूसी, म्हणजे बिनघोर.
तो बिनघोर पहिल्याच हिवाळ्यात गारठून गेला.
'दी' म्हणजे 'म्हटलेला'.
मी म्हटलं, उर्फ.
त्याला तो शब्द फार आवडला,
कुत्रं भुंकल्यासारखा दोनदा म्हणून पाहिला.

मग मी माझं सांगितलं.
आजा पवनीहून आला, माग विकून.
मिलच्या हजेरीपटावर एकाच खात्यात तीन धकाते,
मुकादम घामाघूम. त्यानं विचारलं, गाव?
झालं. धकाते उर्फ पवनीकर.
पुढं उर्फ गळालं, धकाते गळाले,
राहिलं एक गाव, जिथं मी दोनदा गेलोय,
दोन्ही वेळा मयतीला.

चौतीस वर्षं मी महानगरपालिकेत,
जन्म-मृत्यू विभागात. पेठाच्या पेठा माझ्या हातच्या.
काही चुकल्या, आता सांगायला हरकत नाही.
एका नंदनवारचा मी नंदनवर केला,
जेवणाची सुट्टी झाली, काना राहून गेला.
त्याची पोरं आता तसंच लिहितात.

आणि तुमची आई? एतिएन विचारतो.
जन्माचं नाव?
त्यांच्या वह्यांत बाई लग्न झाल्यावरही
बापाच्याच नावानं राहते,
पुरतात तीही त्याच नावानं.
मी म्हटलं, पार्वताबाई.
ते तर सासरचं, हर्षला मधूनच म्हणाली,
ताटातल्या तांदळात बोटानं लिहिलेलं.
कूलर कोरडा घरघरायला लागला.
मी पाणी भरायला उठलो.

आईचे नाव, असा रकानाच होता.
रोज भरायचो, ओळीखाली ओळ.
हे नाव केव्हापासूनचं, असं
एकालाही विचारलं नाही.

ऊन उतरल्यावर स्कूटर काढली,
गोळीबार चौकातून टांडापेठ, मावशीकडं.
ओट्यावर बसलेली, नव्वदीची, कानानं गेलेली.
मी ओरडलो: आईचं माहेरचं नाव काय?
गल्लीतल्या चार खिडक्यांनी ऐकलं.
ती कितीतरी वेळ मनगट चोळत राहिली.
"नाव काय असन बापा,
मोठीच म्हणो आमी तिले.
लगन लागलं, मंग पार्वता झाली."
कागदावर काही?
"पोरीचा कागद कोन करे?"
मी उठायला लागलो तर मनगट धरलं.
"तुह्या मायचा ताना लय सरका राहे.
मोठीचा ताना म्हणत पेठेत.
दुसऱ्याच्या हातचा दिला तं शेठ वापस करे."
हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.
मी तिला चूल आणि दमा एवढ्यावरूनच ओळखायचो.

रात्री एतिएनचा तक्ता उघडला.
तिच्या चौकोनात लिहिलं: मोठी.
खोडलं. कार्यालयीन सवय,
असं नाव चालत नाही.
मग पुन्हा लिहिलं: मोठी दी पार्वता.

बाळ ऑगस्टात. हर्षला म्हणते,
दोन्ही आडनावं लावू, मधे आडवी रेघ.
पवनीकर-बोल्यू.
मला हसू आलं, तोंडात बसेना.
मी एवढंच कळवलं:
काहीही ठेवा.
फक्त वहीत लिहिणारा बाबू
डबा घेऊन निघाला असेल तर
थांबा.
तो जेवून येऊ द्या.